नोंद एक, फायली दोन: खाजगी टाइप आणि डीबगरचा शोध

सोसायटीच्या देखभाल शुल्काचा हिशोब ठेवणारं एक छोटं ॲप, ॲपलच्या स्विफ्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं. महिन्याचा अहवाल काढला की एकूण बेरीज भलतीच मोठी येत होती. हे काम माझ्या एका तरुण सहकारीकडे होतं. दोन तास झगडून तिने स्क्रीन माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, "अरे, हे बघ ना. डीबगर मला एकाच गोष्टीची दोन उत्तरं देतोय."

डीबगर म्हणजे चालू प्रोग्रॅम थांबवून त्याच्या आत बघू देणारं साधन. ती म्हणत होती ते शब्दशः खरं होतं. व्हेरिएबल दाखवणाऱ्या 'व्ही' कमांडने नोंदींच्या यादीतल्या चौथ्या घटकाचा टाइप, म्हणजे तो कुठल्या जातीचा आहे ते, 'हिशोब.नोंद' असा दाखवला. तिथेच, त्याच ब्रेकपॉइंटवर, म्हणजे प्रोग्रॅम थांबवलेल्या त्याच जागी, तिने 'पीओ' कमांडने विचारलं की हा घटक नोंद आहे का, म्हणजे 'ॲज' आणि प्रश्नचिन्ह वापरून नोंदीत कास्ट केला, म्हणजे तो नोंद म्हणून घेता येतो का ते बघितलं. उत्तर आलं 'निल', म्हणजे काहीच नाही. टाइप नोंद आहे आणि नोंद नाहीही. तिला वाटलं मेमरी बिघडली आहे. डीबगर बिघडला असावा, असं मला क्षणभर वाटलं. दोन्ही अंदाज चुकीचे निघाले, आणि नेमकं काय चाललं होतं ते समजून घेण्यात आमची ती दुपार गेली. मला ती फार मोलाची वाटते, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे. कोडमधली नावं रोमन लिपीत होती, इथे ती मराठीत देतो.

मांडणी कशी होती

मॉड्यूल, म्हणजे एकत्र बांधल्या जाणाऱ्या फायलींचा संच, त्याचं नाव हिशोब. त्यात तीन फायली महत्त्वाच्या: पावती, थकबाकी आणि अहवाल. पावती फाइलमध्ये 'नोंद' नावाचा एक प्रायव्हेट (खाजगी) स्ट्रक्ट, म्हणजे माहिती एकत्र ठेवणारा टाइप, होता. थकबाकी फाइलमध्येही 'नोंद' नावाचाच दुसरा प्रायव्हेट स्ट्रक्ट होता, वेगळ्या माणसाने वेगळ्या वेळी लिहिलेला. दोघांनी एकच प्रोटोकॉल, म्हणजे टाइपमध्ये काय असायलाच हवं याची यादी, पाळला होता, त्यामुळे दोन्ही प्रकारच्या नोंदी एकाच यादीत बसत होत्या. अहवाल फाइल ही यादी तयार करून पावती फाइलमधल्या एका फंक्शनकडे देत होती आणि ते फंक्शन रकमा एकत्र करत होतं. आमचा ब्रेकपॉइंट याच फंक्शनमध्ये होता.

स्विफ्टमध्ये हे पूर्ण वैध आहे. फाइलच्या पातळीवर प्रायव्हेट म्हणून जाहीर केलेलं नाव त्या फाइलपुरतं असतं, शेजारच्या फाइलला ते दिसत नाही. 2016 साली स्विफ्ट 3 मध्ये 'प्रायव्हेट' आणि 'फाइलप्रायव्हेट' असे दोन वेगळे शब्द झाले. पण फाइलच्या सर्वांत वरच्या पातळीवर लिहिलेल्या टाइपसाठी दोन्हींचा अर्थ एकच होतो: ही फाइल, बस्स. तेव्हा कंपायलरची, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमची, तक्रार नव्हती, आणि नसायलाच हवी होती.

गावात दोन पांडुरंग असतात तसं हे आहे. खालच्या आळीत उभं राहून "ए पांडू" अशी हाक मारली की खालच्या आळीतलाच पांडू ओ देतो, तिथे कुणाला आळीचं नाव घ्यावं लागत नाही. सरकारी कागदावर मात्र बापाचं नाव, आळी, सगळं लागतं. कोड लिहिताना आपण आळीत असतो. कंपायलर लिंकरला, म्हणजे तयार तुकडे जोडून ॲप बनवणाऱ्या साधनाला, जे नाव देतो, ते सरकारी कागदावरचं.

कागदावरचं नाव

लिंकरला 'नोंद' एवढं चालत नाही. त्याच्या लेखी सगळ्या ऑब्जेक्ट फायलींतली (कंपाइल झालेल्या तुकड्यांतली) चिन्हं, म्हणजे नावं, एकाच ढिगाऱ्यात येतात. म्हणून कंपायलर प्रत्येक गोष्टीचं लांबलचक, एकमेव ठरणारं नाव तयार करतो. यालाच मँगल्ड नाव म्हणतात. स्विफ्ट 5 पासून, म्हणजे मार्च 2019 मध्ये ॲपलच्या प्लॅटफॉर्मवर एबीआय (कंपाइल झालेल्या तुकड्यांनी एकमेकांशी जुळवून घेण्याचे नियम) स्थिर झाल्यापासून, ही नावं डॉलरचं चिन्ह आणि छोटा एस यांनी सुरू होतात. पुढे प्रत्येक नावाआधी त्याची लांबी आकड्यात असते.

आम्ही ऑब्जेक्ट फायलींवर 'एनएम' हे चिन्हांची यादी देणारं साधन चालवलं आणि आलेल्या नावांतून 'नोंद' गाळून घेतलं. दोन गट मिळाले. दोन्हींची सुरुवात एकच: डॉलर-एस, मग 6 आणि हिशोब (रोमनमध्ये सहा अक्षरं), मग 4 आणि नोंद. त्यानंतर 33 हा आकडा, मग एक अधोरेखा आणि 32 हेक्साडेसिमल (0 ते 9 आणि ए ते एफ) अंक, मग दोन मोठे एल, आणि शेवटी स्ट्रक्टसाठी मोठा व्ही. दोन गटांत फरक फक्त त्या 32 अंकांत होता.

स्विफ्टच्या बॅकट्रेसमध्ये किंवा क्रॅश रिपोर्टमध्ये '33' आणि लगेच अधोरेखा दिसली, की समजावं हे कुठल्या तरी फाइलचं खाजगी डिक्लरेशन, म्हणजे तिथे जाहीर केलेली गोष्ट, आहे. 33 म्हणजे एक अधोरेखा अधिक 32 अंक. पाठचे दोन एल सांगतात की आधीची दोन नावं जोडीने वाचायची: हे नाव, आणि ही त्याची फाइल. या 33 अक्षरी तुकड्याला प्रायव्हेट डिस्क्रिमिनेटर म्हणतात. मी पुढे त्याला नुसतं 'खूण' म्हणेन.

ही खूण येते कुठून? मॉड्यूलचं नाव आणि फाइलचं नाव एकापुढे एक ठेवून त्यांचा एमडी5 हॅश (मजकुरावरून निघणारा ठरावीक लांबीचा आकडा) काढायचा, मोठ्या अक्षरांत लिहायचा आणि पुढे अधोरेखा लावायची. फाइलचं फक्त नाव, तिचा फोल्डर नाही. पूर्ण पाथ घेतला असता तर माझ्या मशीनवरचा बिल्ड आणि सर्व्हरवरचा बिल्ड यांच्यात नावं बदलली असती. फोल्डर वगळल्याची किंमतही आहे: एका मॉड्यूलमध्ये एकाच नावाच्या दोन फायली, वेगळ्या फोल्डरांत असल्या तरी, स्विफ्ट चालवून घेत नाही. फाइलचं नाव दोनदा वापरलं आहे अशी एरर येते, आणि खाली टीप असते की एकाच नावाच्या खाजगी डिक्लरेशनांमध्ये फरक करायला फाइलचं नाव वापरलं जातं. ही टीप मी कित्येकदा वाचली होती आणि दुसऱ्या फाइलचं नाव बदलून पुढे गेलो होतो. त्या दुपारी तिचा अर्थ नीट लागला.

हे पडताळून बघणं सोपं आहे. टर्मिनलवर मॉड्यूलचं नाव आणि एक्स्टेन्शनसह फाइलचं नाव, मध्ये जागा न सोडता आणि शेवटी नवी ओळ न येऊ देता, एमडी5 कमांडला द्यायचं. सहकारीने पावतीसाठी तसं केलं, आणि आलेले 32 अंक एनएमच्या पहिल्या गटाशी जुळले. थकबाकीसाठी केलं, दुसऱ्या गटाशी जुळले. तिचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होता. इथे एमडी5 सुरक्षेसाठी वापरलेलं नाही. फाइलचं नाव ओळखून कुणीही तोच हॅश काढू शकतो, आणि त्यात काही बिघडत नाही. काम एवढंच आहे की एका मॉड्यूलमधल्या दोन फायलींच्या खुणा वेगळ्या याव्यात.

आपली नावं खरोखरच देवनागरीत असती तर? स्विफ्टमध्ये 'नोंद' हे टाइपचं नाव म्हणून चालतं, अनुस्वारासकट. पण लिंकरची चिन्हं साध्या आस्की (इंग्रजी) अक्षरांत ठेवायची असल्याने तिथे प्युनीकोडसारखी, इतर लिप्या आस्कीत लिहिण्याची पद्धत वापरली जाते. 'डॉट भारत' पत्ते डीएनएसमध्ये ज्या कल्पनेने साठवले जातात तीच कल्पना, फक्त अंकांच्या जागी अक्षरं वापरणारा थोडा वेगळा प्रकार. अशा नावाच्या लांबीआधी दोन शून्यं लागतात. मँगल्ड नावात लांबीआधी असं '00' दिसलं की समजावं, मुळात आस्कीबाहेरची अक्षरं होती.

दोन वेगळे शोध

डीबगर खाजगी नाव दोन अगदी वेगळ्या वाटांनी शोधतो. आमच्या गोंधळाचं मूळ असं, की तिने एका कमांडने एक वाट धरली आणि दुसऱ्या कमांडने दुसरी, आणि दोन्हींकडून एकच उत्तर मिळेल असं धरून चालली. मीही तसंच धरलं असतं.

पहिली वाट मँगल्ड नावाकडून डिक्लरेशनकडे जाते. एलएलडीबी, म्हणजे आमचा डीबगर, त्याच्या पोटात स्विफ्टचा अख्खा कंपायलर असतो. ड्वार्फ या, कंपायलरने डीबगरसाठी लिहून ठेवलेल्या माहितीत स्विफ्टच्या टाइपची ओळख मँगल्ड नावानेच दिलेली असते. डीबगरला ते नाव मिळालं की तो आधी ते सोडवून झाडासारखी रचना तयार करतो. खाजगी नावासाठी त्या झाडात खास गाठ असते, तिला दोन मुलं: एक खूण, एक खरं नाव. मग मॉड्यूल उघडायचं, त्यात 'नोंद' शोधायचं, मिळतील तेवढ्या सगळ्या घ्यायच्या, आणि शेवटी गाळायच्या.

हे गाळणं मला सर्वांत सुंदर वाटतं. त्यात तीन शक्यता आहेत. नावासोबत खूण आली असेल तर फक्त खाजगी डिक्लरेशनं ठेवायची आणि त्यातलीही ज्यांची खूण तंतोतंत जुळते तेवढीच. खूण आलीच नसेल तर उलटं करायचं: खाजगी असतील ती सगळी बाहेर, कारण खाजगी असतं तर खूण आली असती. या दोन सहज सुचतात. तिसरी सहज सुचत नाही.

आमच्या नोंदीच्या आत 'प्रकार' नावाचा एक एनम (ठरावीक पर्यायांचा टाइप) होता, तोही प्रायव्हेट. त्याचं मँगल्ड नाव पाहिलं तर खूण नोंदीला आहे, प्रकाराला नाही. कंपायलरने काही विसरलेलं नाही. बाहेरच्या नोंदीने फाइल एकदा सांगितली आहे, तेव्हा आतल्या प्रत्येक गोष्टीला तेच 33 अक्षरांचं शेपूट पुन्हा लावणं वाया जागा. संदर्भ पुरेसा असेल तर साधं नाव वापरायचं, असा मँगलिंगचा नियमच आहे. आता दुसरा नियम इथे आंधळेपणाने लावून बघा: 'प्रकार'सोबत खूण नाही, म्हणजे तो खाजगी नाही, म्हणजे खाजगी ती सगळी बाहेर. प्रकार कधीच सापडणार नाही. म्हणून शोधणाऱ्याला लक्षात ठेवावं लागतं की आपण आधीच एका खाजगी टाइपच्या आत आहोत. तसं असेल तर काहीच गाळायचं नाही, इथे सगळंच खाजगी आहे. मँगल करणारा कोड आणि शोधणारा कोड यांनी हा नियम दोन्ही बाजूंनी सारखाच पाळायला हवा. एकाने खूण गाळली आणि दुसऱ्याने तिची अपेक्षा ठेवली, तर डोळ्यांसमोर असलेलं डिक्लरेशन 'नाही' ठरतं.

याच्या उलट बाजूचंही उदाहरण आमच्याच प्रकल्पात होतं. 'सोसायटी' हा साधा, मॉड्यूलभर दिसणारा स्ट्रक्ट. पावती आणि थकबाकी या दोन्ही फायलींत त्याची एक्स्टेन्शन्स (टाइपला बाहेरून जोडलेले भाग), आणि दोन्हींत 'तपास' नावाचं एकेक प्रायव्हेट फंक्शन. इथे बाहेरच्या सोसायटीला खूण नाही, ती खाजगी नाहीच, म्हणून खूण थेट फंक्शनच्या नावाला लागते. खूण कुठे लागेल हे 'प्रायव्हेट' शब्द कुठे लिहिला आहे यावरून ठरत नाही, भोवतालचा संदर्भ पुरेसा आहे की नाही यावरून ठरतं. 'प्रकार'चं रहस्य सहकारीला याच दोन उदाहरणांनी कळलं. आधी तिने मला दोनदा विचारलं होतं, "पण तोही प्रायव्हेटच आहे ना?"

गाळताना प्रत्येक डिक्लरेशनला विचारलं जातं, तुझी खूण काय? सोर्स फाइलवरून आलेलं असेल तर फाइलच्या नावावरून काढता येतं. पण डीबगरसमोर सोर्स नसतो, कंपाइल झालेलं मॉड्यूल असतं, आणि मूळ फायली कदाचित त्या मशीनवरही नसतात. म्हणून कंपायलर स्विफ्टमॉड्यूल फाइल लिहितानाच खाजगी डिक्लरेशनासोबत त्याची खूण स्वतंत्रपणे नोंदवतो. डिक्लरेशन उलगडताना ती खूणही परत मिळते. लायब्ररीसोबत दिली जाणारी मजकूररूपी इंटरफेस फाइल वेगळी असते. ती इतरांना दाखवायची असते, खाजगी गोष्टी त्यात सहसा नसतात. डीबगरच्या हाती फक्त तीच असली तर ही पहिली वाट सुरुवातीलाच बंद होते.

आता दुसरी वाट. इथे माणूस नाव टाइप करतो. 'नोंद' एवढंच, खुणेशिवाय. 'पीओ' कमांड आपण लिहिलेल्या ओळीचा खरोखर एक छोटा प्रोग्रॅम बनवते, तो कंपाइल करते आणि थांबलेल्या प्रोसेसमध्ये चालवते. त्या छोट्या प्रोग्रॅमला ॲक्सेसचे नियम लागू केले तर डीबगर निरुपयोगी होईल, कारण बघायचं असतं ते बहुतेक वेळा खाजगीच असतं. म्हणून डीबगर ते नियम बंद ठेवतो. बंद ठेवताच नवी अडचण येते: मॉड्यूलमधल्या सगळ्या फायलींचे सगळे खाजगी 'नोंद' एकाच वेळी दिसू लागतात. आमच्याकडे दोन.

यावर उपाय डीबग माहितीतच ठेवलेला आहे. आमचा डीबग बिल्ड फाइलगणिक कंपाइल होत होता, त्यामुळे ड्वार्फमध्ये प्रत्येक फाइलचं आपलं कंपाइल युनिट होतं. कंपायलर त्या युनिटच्या फ्लॅग्जमध्ये 'प्रायव्हेट-डिस्क्रिमिनेटर' असा पर्याय लिहून पुढे त्या फाइलची खूण टाकतो. ड्वार्फडंपने आम्ही तो उघडून पाहिला. पावतीच्या युनिटमध्ये पावतीची खूण, थकबाकीच्या युनिटमध्ये थकबाकीची, एमडी5 ने काढलेल्या अंकांशी जुळणारी. डीबगर सध्या निवडलेली फ्रेम, म्हणजे एकमेकांना बोलावत आलेल्या फंक्शनांपैकी एक, बघतो, ती कुठल्या कंपाइल युनिटमधली आहे ते बघतो, तिथली खूण उचलतो आणि पोटातल्या कंपायलरला सांगतो: नावं अनेक सापडली तर हिला प्राधान्य दे.

प्राधान्य, सक्ती नाही. सापडलेल्यांपैकी एखादं या खुणेशी जुळलं तर ते निवडलं जातं. एकही जुळलं नाही, तर यादी जशीच्या तशी ठेवली जाते. आमच्या कहाणीत या एका बारकाव्याने दोन वेगळी रूपं दाखवली.

'निल' का आलं

आता सगळं जुळवता येतं. ब्रेकपॉइंट पावती फाइलमधल्या फंक्शनमध्ये. 'पीओ'मध्ये तिने टाइप केलं 'नोंद'. निवडलेली फ्रेम पावतीची, खूण पावतीची, म्हणून डीबगरने पावतीचीच नोंद धरली. त्या फाइलमध्ये बसून कोडात 'नोंद' लिहिलं असतं तर कंपायलरनेही तीच धरली असती, म्हणजे हे वागणं बरोबर आहे. पण यादीतला चौथा घटक थकबाकीची नोंद होता. कास्टचा प्रश्न झाला: थकबाकीची नोंद ही पावतीची नोंद आहे का? नाही. निल. अचूक उत्तर, फक्त तिने विचारलेला प्रश्न तिच्या मनातला नव्हता.

'व्ही' ने मात्र पहिली वाट धरली. ही कमांड, एक्सकोड 10.2 सोबत आलेली, कोड कंपाइल करत नाही. ती मेमरी वाचते आणि प्रत्येक पायरीवर खरा, चालू टाइप शोधते. घटकाच्या मेटाडेटावरून (त्याच्यासोबत असलेल्या टाइपच्या माहितीवरून) तिला त्याची पक्की ओळख मिळाली आणि तिने थकबाकीचीच नोंद उलगडली. फक्त टाइपचं नाव छापताना, वाचायला सोपं जावं म्हणून, खूण गाळून टाकली. 'हिशोब.नोंद'. शोध अचूक झाला, पण पडद्यावर अर्धंच नाव आलं. मला विचाराल तर या प्रकरणात एवढीच एक गोष्ट खटकते. 33 अक्षरांचं शेपूट दर वेळी दाखवणं असह्य होईल हे मान्य, पण एकाच मॉड्यूलमध्ये त्या नावाचे दोन खाजगी टाइप असतील तेव्हा तरी ते दाखवायला हवं.

याची खातरजमा करायला आम्ही एक फ्रेम वर गेलो, अहवाल फाइलमध्ये, आणि तीच 'पीओ' ओळ पुन्हा दिली. या वेळी निल आलं नाही, एरर आली: 'नोंद' हे नाव इथे संदिग्ध आहे. अहवालात कुठलीच नोंद नाही, तेव्हा अहवालाच्या खुणेशी काहीच जुळलं नाही, यादी तशीच राहिली आणि दोन नोंदी समोरासमोर उभ्या राहिल्या. एसटी स्टँडवर "पांडू" म्हणून हाक मारल्यावर दोघांनी माना वळवाव्यात तसं. सहकारी म्हणाली, "ही एरर मला आधी मिळाली असती तर दोन तास वाचले असते." खरंच आहे. एरर निदान थांबवते. निल पुढे जाऊ देतं आणि माणूस त्यावर तर्क रचत बसतो.

मग तिसरी पडताळणी. दोन घटकांचे टाइप आम्ही प्रोग्रॅममधूनच पूर्ण नावाने छापले. आलं: हिशोब, मग कंसात 'अज्ञात संदर्भ' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर आणि एक मेमरी पत्ता, मग नोंद. दोन घटकांचे पत्ते वेगळे. खाजगी टाइपच्या भोवती रनटाइमसाठी, म्हणजे प्रोग्रॅम चालताना सोबत असणाऱ्या स्विफ्टच्या कोडसाठी, एक अनामिक संदर्भ नोंदवलेला असतो. दोन फायलींतले दोन टाइप वेगळे आहेत एवढं त्याला कळतं, कारण दोन संदर्भ मेमरीत दोन ठिकाणी आहेत. पण फाइल कुठली हे त्याला सांगता येत नाही, म्हणून पत्ता छापतो. अशा अनामिक संदर्भात मँगल्ड नावही लिहून ठेवण्याचा एक पर्याय कंपायलरमध्ये आहे. टाइपपर्यंत उलट दिशेने पोचता यावं म्हणूनच तो डीबगरसाठी ठेवला आहे.

स्विफ्टने हे असं का केलं

सी++ मध्येही फाइलपुरतं नाव ठेवता येतं, अनामिक नेमस्पेसमध्ये, म्हणजे नाव नसलेल्या गटात. पण तिथे मँगल्ड नावात फाइलचा पत्ता नसतो. जीसीसी आणि क्लँग या कंपायलरांमध्ये सगळ्या अनामिक नेमस्पेसना एकच ठरलेलं नाव मिळतं आणि ती चिन्हं त्या ऑब्जेक्ट फाइलबाहेर जात नाहीत, म्हणून टक्कर होत नाही. डीबगरला फरक करायचा तर कुठल्या कंपाइल युनिटखाली आहे ते बघावं लागतं.

स्विफ्टला ते पुरलं नसतं. स्विफ्टमध्ये कंपाइल होण्याचं एकक मॉड्यूल आहे. अख्खं मॉड्यूल एकत्र ऑप्टिमाइझ करताना एका फाइलचं खाजगी फंक्शन दुसऱ्या ऑब्जेक्ट फाइलमधून वापरलं जाऊ शकतं, तेव्हा त्याचं नाव लिंकरच्या पातळीवर वेगळं असावं लागतं. शिवाय आमच्यासारखं, खाजगी टाइपची व्हॅल्यू प्रोटोकॉलच्या आवरणात फाइलबाहेर फिरते आणि रनटाइमला तिचा नेमका टाइप ठाऊक असावा लागतो. नावातच फाइल गोवण्याचा निर्णय म्हणूनच मला पटतो. लांबी वाढली, पण टाइप कुठेही भेटला तरी त्याची ओळख त्याच्यासोबत असते.

मूळ चूक आणि नंतरची एक

मूळ चूक आता पाच मिनिटांत सापडली. 'पीओ' सोडून 'व्ही' ने यादी, घटकाचा क्रमांक आणि रक्कम असा पाथ दिला. कास्ट करायची गरजच नव्हती, 'व्ही' प्रत्येक पायरीवर खरा टाइप शोधून पुढे जाते. पावतीच्या नोंदीत रक्कम 4500 होती. थकबाकीच्या नोंदीत 450000. एकाने रुपयांत ठेवली होती, दुसऱ्याने पैशांत, आणि प्रोटोकॉलमध्ये फक्त 'रक्कम' एवढाच शब्द होता. बेरीज म्हणून फुगत होती. प्रोटोकॉलमधल्या त्या गुणधर्माचं नाव आम्ही 'पैशांतली रक्कम' असं केलं आणि पावतीची नोंद त्याप्रमाणे बदलली.

दोन 'नोंद' नावं बदलायची का यावर आमचं एकमत झालं नाही. ती म्हणाली, भाषा परवानगी देते, फायली छोट्या आहेत, नावं लहानच बरी. माझं मत असं: फाइलबाहेर प्रोटोकॉलच्या आवरणातून फिरणाऱ्या टाइपला मॉड्यूलभर वेगळं वाटेल असं नाव द्यावं, जरी तो प्रायव्हेट असला तरी. तो फाइलच्या आतच जन्मून आतच संपत असेल तर 'नोंद' ठीक. शेवटी तिने थकबाकीच्या टाइपचं नाव 'थकीतनोंद' केलं आणि पावतीची नोंद तशीच ठेवली.

दोन आठवड्यांनी तिने थकबाकी फाइलचं नाव बदलून 'येणी' केलं. त्याच दिवशी तिने पूर्वी डीबगरच्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलेला एक ब्रेकपॉइंट लागेनासा झाला. ना एरर, ना सूचना, तो कुठे बसलाच नाही. 'तपास' या खाजगी फंक्शनच्या दोन रूपांपैकी नेमकं थकबाकीचं पकडायला तिने पूर्ण मँगल्ड नाव टाकलं होतं, आणि त्या नावात जुन्या फाइलचा हॅश होता. फंक्शनमधलं एक अक्षर बदललं नव्हतं, फक्त फाइलचं नाव. यामुळे आम्ही प्रकल्पात आणखी एक जागा लगेच शोधली: आर्काइव्ह करून डिस्कवर ठेवलेला एखादा प्रायव्हेट क्लास. तिथे हेच झालं तर ब्रेकपॉइंट नव्हे, लोकांचा साठवलेला डेटा उघडायचा थांबेल. एनएसकोडिंग (डेटा साठवण्याची ॲपलची एक पद्धत) वापरणाऱ्या खाजगी क्लासचं आर्काइव्हमधलं नाव स्थिर नसतं, असं कंपायलर सांगतो, ते याच खुणेमुळे. आमच्याकडे असा एक क्लास होता. त्याला ऑब्जेक्टिव्ह-सीचं ठरावीक नाव देणारा ॲट्रिब्यूट आधीपासून लावलेला होता, आणि त्यात लिहिलेलं नाव बघून आम्ही दोघांनी सुटकेचा श्वास सोडला.

ब्रेकपॉइंट तिने नव्या हॅशने पुन्हा लिहिला नाही. फाइल आणि फंक्शनचं साधं नाव असे दोन्ही निकष देऊन तो लावला, आणि वर कॉमेंट टाकली: फाइलचं नाव बदललं तर ही ओळही बदला.